एसीपी गेले, पण माय रडली नाही

एप्रिल २०२५ मधली गोष्ट. पुसेगावहून मायचा फोन आला. "अगं, सीआयडीमधला तो साहेब गेला म्हणतेत. खरंच गेला का?" शेजारच्या पोराने मोबाईलवर फोटो दाखविला होता. वर श्रद्धांजली, खाली १९९८ ते २०२५. तिला वाटले, शिवाजी साटमच गेले. मी म्हणाले, माणूस धडधाकट आहे, फक्त मालिकेत मेला. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मग असं खोटं फोटोला हार घालून कशाला दाखवतेत?"

वाचक बंधू-भगिनींनो, ज्यांच्या घरी सीआयडी पाहिली जात नव्हती त्यांना या फोनचे हसू येईल. आम्हाला नाही आले. ही मालिका जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली, तेव्हा आमचे पुसेगाव परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा पुढच्या वर्षी, १ मे १९९९ ला झाला. घरात टीव्ही नव्हता. बाबा आणि माय दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून यायचे, आणि रात्री आम्ही सगळे एका ओळखीच्या घरी, दाराजवळ बसून पाहायचो. बाबांना शाळा दुसरीपर्यंतची. पण खुनी ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. "जो जादा रडतो, त्याच्यावर डोळा ठेव," असे ते म्हणत. दहात सहा वेळा तरी खरे निघायचे.

साटम यांना माय आधीपासून ओळखत होती. बी. पी. सिंग यांची 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका दूरदर्शनवर लागायची, त्यातही ते होते. त्यामुळे एसीपी प्रद्युम्न हिंदी बोलले तरी मायला तो आपल्याकडचाच माणूस वाटे. इन्स्पेक्टर दयाने दार तोडले की आमच्या गल्लीतली पोरेही आपापल्या घरचे दार ढकलून पाहायची. (आमच्या दाराची कडी अशीच निखळली. बाबांनी तार बांधली, ती कित्येक वर्षे तशीच होती.)

मोठा भाग कसा असतो, ते आम्ही ७ नोव्हेंबर २००४ ला पाहिले. १११ मिनिटांचा भाग, कॅमेरा एकदाही न थांबविता एका दमात चित्रित केलेला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्या वेळी भारनियमन जोरात होते. वीज जाते की काय या धास्तीने कोणी पाणी प्यायलाही उठले नाही. एका दमात चित्रण म्हणजे काय, हे बाबांना समजावून सांगावे लागले. समजल्यावर ते म्हणाले, "म्हणजे चुकलं तर सगळं पहिल्यापासून! लई मेहनत." त्या भागाचा त्यांना वाटलेला आदर मेहनतीचा होता, आणि तो खरा होता.

दीड हजारांहून अधिक भाग झाल्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये मालिका एकाएकी थांबली. नीट निरोपही नाही. मध्यंतर आहे, असे सांगितले गेले. बाबा त्याच्या पुढच्याच वर्षी गेले. मध्यंतर कधी संपले ते त्यांना कळलेच नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये सीआयडी परत आली तेव्हा मायने शनिवार-रविवारची जेवणे लवकर उरकायला सुरुवात केली. फ्रेडरिक्स मात्र नव्हता. दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्येच वारले होते. माय त्याचीच वाट पाहत होती. तिला कसे सांगावे, हेच कळेना.

आणि मग तो एप्रिलचा भाग. बार्बोसाने घडविलेल्या बॉम्बस्फोटात एसीपी गेले. बार्बोसाची भूमिका तिग्मांशू धुलिया यांची. नट म्हणून उत्तम. पण सत्तावीस वर्षे पुराव्याच्या एका केसावरून गुन्हेगार शोधणाऱ्या माणसाचा शेवट असा? त्यातच ही बातमी आधीच सगळीकडे फुटलेली. ज्या मालिकेचा जीवच 'पुढे काय' यात, तिने आपले उत्तर आधीच वाटून टाकले. लगेच त्या खुर्चीवर पार्थ समथान यांचे नवे एसीपी आयुष्मान आले. नव्या पोराचा दोष नाही. पण आमच्याकडे माणूस गेले की निदान घर चार दिवस गप्प असते.

मी त्या वेळी गावी गेले होते. सगळे एकत्र बसून पाहिले. दयाचा चेहरा पाहून माझे डोळे भरून आले, खोटे कशाला सांगू? माय मात्र शेंगा सोलत राहिली. मी विचारले, काही वाटले नाही का? ती म्हणाली, "दयाला नव्हती का गोळी लागली? आला ना तो. हाही येईल."

तिचे खरे ठरले. त्याच वर्षी एसीपी परत आले. मी आनंदाने फोन केला, तर तिकडून नुसता "हो का" ऐकू आला. थोड्या वेळाने म्हणाली, "ज्याचं माणूस खरंच गेलंय, त्याच्यासमोर असं करू नये बाई."

आता ती नवे भाग पाहत नाही. नातू तिला मोबाईलवर जुने लावून देतो, फ्रेडरिक्स असलेले. खुनी कोण ते तिला पाठ आहे. तरी मध्येच पोराला थांबवते आणि म्हणते, "बघ, हा जादा रडतोय."