आवडीची डिग्री की नोकरीची? अ‍ॅडमिशनआधी मोबाईलवर तपासा या 5 गोष्टी

"दादा, बीसीए घेऊ की बीए हिस्टरी? घरचे बीसीए म्हणतायत." बारावीचा निकाल लागला त्या रात्री मावसबहिणीचा हा मेसेज आला. मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण हाच प्रश्न मला पडला होता तेव्हा मी माझ्या फोनवर फक्त कॉलेजच्या जाहिराती बघितल्या होत्या. मराठी साहित्य सोडून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घेतलं, ते "अ‍ॅव्हरेज पॅकेज"चा आकडा बघून. तो आकडा माझ्या वर्गातल्या बहुतेकांच्या वाट्याला आलाच नाही.

म्हणून या वेळी आम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर बसलो आणि एकेक गोष्ट तपासली. तुम्हीही हेच करू शकता.

1. अ‍ॅव्हरेज नको, मीडियन बघा

समजा, 10 मुलांना नोकरी लागली. 9 जणांना वर्षाला 3 लाख आणि एकाला 40 लाख. सरासरी निघते 6.7 लाख! पण मीडियन, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, 3 लाखच राहतो. जाहिरातीत पहिला आकडा असतो, तुमच्या हातात बहुधा दुसरा पडतो.

हा मीडियन कुठे मिळतो? जी कॉलेजं केंद्र सरकारच्या एनआयआरएफ रँकिंगमध्ये भाग घेतात, त्यांना किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढे शिकायला गेले आणि मीडियन पगार किती, ही माहिती द्यावी लागते. कॉलेजचं नाव आणि "एनआयआरएफ डेटा" असं सर्च केलं की बहुतेक वेळा पीडीएफ सापडते. नाहीच सापडली, तर अ‍ॅडमिशन ऑफिसात थेट विचारा.

2. कर्जाचा हप्ता आधी काढा

कुठलंही ईएमआय कॅल्क्युलेटर उघडा. 8 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, 7 वर्षं: हप्ता येतो महिन्याला साधारण 13,300 रुपये. शिकत असतानाचं व्याज वेगळंच. वर्षाला 3 लाख म्हणजे महिन्याला 25,000. त्यातले निम्म्याहून जास्त हप्त्यात गेले, तर त्या डिग्रीला "प्रॅक्टिकल" कशाला म्हणायचं?

मुलींनी आणखी एक बघायचं. वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना, कॅप राउंडमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला, तर 2024-25 पासून राज्य सरकारची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफीची योजना आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. आपला कोर्स त्यात बसतो का, हे आधीच तपासा.

3. आवड खरी आहे का?

बहिणीला किल्ल्यांचे रील्स आवडतात. मलाही आवडतात! पण रील बघणं वेगळं आणि तीन वर्षं तो विषय अभ्यासणं वेगळं. म्हणून विद्यापीठाच्या साइटवरून दोन्ही कोर्सचा सिलॅबस डाउनलोड केला आणि शेवटच्या वर्षाचे पेपर वाचले.

मग स्वयम पोर्टलवर एक इतिहासाचा आणि एक प्रोग्रॅमिंगचा कोर्स लावला. शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तरच फी. तिसऱ्या आठवड्याची असाइनमेंट कुणी न सांगता कोणत्या विषयाची पूर्ण होते, ते बघायचं. तिची इतिहासाची झाली. प्रोग्रॅमिंगचीही झाली, कुरकुरत का होईना.

4. दोन्ही करता येतं का?

येतं. एप्रिल 2022 पासून यूजीसीने एकाच वेळी दोन डिग्र्या करायला परवानगी दिली आहे. एक रेग्युलर आणि दुसरी दूरशिक्षण किंवा ऑनलाइन असं चालतं. तासांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील, तर दोन्ही रेग्युलरही चालतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू हे त्यातले नेहमीचे पर्याय. शिवाय बारावीला कोणतीही शाखा असली, तरी आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन डेटा सायन्स डिग्रीसाठी प्रयत्न करता येतो. दहावीला गणित आणि इंग्रजी हवं, आणि आधी क्वालिफायर पास करावी लागते.

पण सांभाळा: दोन्हीकडच्या परीक्षा एकाच तारखेला आल्या तर धावपळ तुमचीच होणार. मागच्या वर्षीची दोन्ही टाइमटेबलं शेजारी ठेवून बघा.

5. मान्यता तपासल्याशिवाय पैसे भरू नका

"घरबसल्या डिग्री" म्हणणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपवर विश्वास ठेवू नका. दूरशिक्षणाचा कोर्स यूजीसीच्या डीईबी पोर्टलवरच्या मान्यताप्राप्त यादीत, चालू वर्षासाठी आहे का, ते बघा. कुणी दूरशिक्षणाने इंजिनिअरिंग किंवा फार्मसीची डिग्री देतो म्हणाला, तर सरळ फोन ठेवा. या डिग्र्या तशा मिळत नाहीत.

मग ठरलं काय?

तिने घराजवळच्या कॉलेजात बीसीए घेतलं आणि मुक्त विद्यापीठातून इतिहासात बीए. लांबचं, कर्ज काढून करायचं बीसीए यादीतून गेलं, कारण तिथल्या मीडियनमधून हप्ता निघत नव्हता. घरच्यांना हे पटलं, कारण या वेळी तिच्याकडे हट्ट नव्हता, आकडे होते.

तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं. घरावर कर्जाचं ओझं नसेल आणि आवड तिसऱ्या आठवड्यानंतरही टिकली, तर बिनधास्त आवडीची डिग्री घ्या. फक्त अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरण्याआधी एक संध्याकाळ या पाच गोष्टींना द्या. मी दिली नव्हती. साहित्याची पुस्तकं आता मी रात्री साडेदहानंतर वाचतो.