कर्ज फिटलं, सिबिलवर मात्र थकीतच

कर्जमाफीत खातं कोरं झालं, बेबाकी दाखला पेटीत जपून ठेवला, आणि तरीही ट्रॅक्टरसाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलं की बँकेत ऐकावं लागतं, "तुमचं सिबिल खराब आहे." मुरुड परिसरात सोयाबीन-तुरीवर चालणाऱ्या घरांना हा अनुभव नवा नाही. अशी चुकीची नोंद काढता येते, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

सिबिल ही कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी, 2000 साली स्थापन झालेली कंपनी. तिच्यासारख्या आणखी तीन आहेत : एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका आणि फायनान्स कंपन्या जे कळवतात तेच या चौघी लिहितात. घरमालकानं खोली खाली करायला लावली किंवा दुकानातली उधारी थकली, तर त्याची नोंद इथे होत नाही. जामीनदाराच्या अहवालात मात्र दुसऱ्याचं थकलेलं कर्ज दिसतं, हे सही करण्याआधी ध्यानात असू द्यावं.

प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. 300 ते 900 मधला आकडा पाहून थांबू नका. खातेनिहाय ओळींवर या. तिथे दर महिन्यापुढे 'डीपीडी' असतो, म्हणजे हप्ता किती दिवस थकला ते. 000 किंवा एसटीडी असेल तर खातं नियमित. एसयूबी, डीबीटी, एलएसएस ही अक्षरं म्हणजे खातं एनपीएत, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक कर्जांत, गेलेलं. सोयाबीनसारख्या अल्पमुदतीच्या पिकाचं कर्ज देय तारखेनंतर दोन हंगाम थकलं की ते एनपीए धरतात. म्हणून खातं वेळेत नवं-जुनं न करणाऱ्याला ही अक्षरं भेटतात.

समजा, 2019 च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत तुमचं दोन लाखांच्या आतलं पीककर्ज माफ झालं. आधार प्रमाणीकरण झालं, पावती मिळाली, बँकेत बाकी शून्य. अहवालात मात्र त्याच खात्यापुढे आजही थकबाकीची रक्कम उभी. ही बँकेनं न कळवलेली गोष्ट आहे, आणि ती दुरुस्त व्हायलाच हवी. पण मागे हप्ते थकले होते ते महिने खरे असतील, तर ते पुसले जाणार नाहीत. बाकी शून्य आणि खातं बंद, एवढंच मागता येतं. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचं कर्ज तुमच्या पॅनवर चढलं असेल, तर ती ओळ संपूर्ण निघते.

'सेटल्ड' हा शेरा निराळा. बँकेशी तडजोड करून कमी रकमेत खातं मिटवलं असेल तर तो शेरा खरा आहे. उरलेली रक्कम भरण्याबाबत बँकेशी बोलावं आणि भरल्यावर शेरा 'क्लोज्ड' करून देण्याचं लेखी घ्यावं. अशी एकरकमी तडजोड (ओटीएस) करतानाच हे कुणी समजावून सांगत नाही, ही खंत वाटते.

आता अर्ज. शाखेत कर्जखात्याचा उतारा, बेबाकी आणि माफीची पावती जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याच दिवशी सिबिलच्या संकेतस्थळावर त्या ओळीविरुद्ध हरकत नोंदवा. शाखेतला साहेब "वरून होईल" म्हणाला तरी पोचेवर तारीख-शिक्का हवाच, कारण पुढचा सगळा हिशेब तिथून सुरू होतो. तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली पाहिजे. त्यात बँकेला दुरुस्त माहिती पाठवायला 21 दिवस. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई तुमच्या खात्यात जमा करावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे. तरीही हालचाल नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं. ऑनलाइन तक्रार करता येते, माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

"पाच हजारांत सिबिल क्लिअर" सांगणाऱ्या एजंटाकडे यापलीकडे दुसरा रस्ता नाही. खरी नोंद तो काढू शकत नाही, आणि खोटी तुम्ही स्वतः काढू शकता. त्याला आधार, पॅन आणि मोबाइलवरचा ओटीपी देणं तर फारच धोक्याचं.

पीककर्जापुरतं सांगायचं तर, सिबिलची अट घालू नका असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी 2025 च्या खरिपापूर्वी बँकांना बजावलं होतं. अडवणूक झालीच तर नकार लेखी मागा. आणि सिबिलवर दुरुस्ती दिसली की उरलेल्या तीन कंपन्यांचे अहवालही काढून पाहा. पुढची बँक त्यांतला कोणता उघडेल ते सांगता येत नाही.