पडदा नाही, कीबोर्ड नाही, तरी लिनक्स

लिंक्सिस कंपनीने 2004 मध्ये ‘एनएसएलयू2’ नावाची पुस्तकाएवढी डबी बाजारात आणली. तिला यूएसबी हार्ड डिस्क जोडली की घरातल्या सगळ्या संगणकांना त्यावरच्या फायली मिळत. आत रॅम 32 एमबी, फ्लॅश मेमरी फक्त 8 एमबी. पण तिची प्रणाली लिनक्सवर उभी होती आणि जीपीएल परवान्यामुळे त्या भागाचा स्रोत कंपनीला खुला करावा लागला. मग काय, हौशी मंडळींनी डबीचा ताबाच घेतला! 2007 मध्ये आलेली डेबियन या लिनक्स प्रणालीची 4.0 आवृत्ती तर तिच्यावर रीतसर बसवता येऊ लागली.

डबीला पडदा जोडायची सोयच नाही. त्यामुळे डेबियन बसवताना रिसेटचं बटण टाचणीने दाबून धरायचं, वीज सुरू करायची, दिव्याचा रंग बदलला की लगेच टाचणी काढायची. मग नेटवर्कच्या वायरीतून नवी प्रणाली आत पाठवायची आणि पुढची प्रश्नोत्तरं एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून सुरक्षितपणे आत शिरून, दुसऱ्या संगणकावरून. फ्लॅशमध्ये कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि सुरुवातीपुरत्या फायली. बाकी सारं डिस्कवर.

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते रेडबूट, म्हणजे डबी जागी करणारा छोटा प्रोग्रॅम. बाकी सगळं बिघडलं तरी तो शाबूत असेल, तर हाच खटाटोप पुन्हा करून डबी वाचवता येते. तो पुसला गेला, तर मात्र सोल्डरिंग आयर्न बाहेर काढावं लागतं.