भरतीचं टाइमटेबल

पावसाळ्यात माझ्या मोबाइलमध्ये दोन टाइमटेबल असतात. एक लोकलचं आणि दुसरं समुद्राचं. पहिलं चुकलं तर फार तर लेटमार्क! दुसरं चुकलं, तर गुडघाभर पाण्यात बूट हातात घेऊन चालावं लागतं.

मुंबईत पाणी तुंबलं की आपण सगळा राग पावसावर काढतो. पण यात एक पार्टनर-इन-क्राइम असतो, तो म्हणजे भरती. शहरातली पर्जन्यवाहिन्यांची बहुतेक तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. म्हणजे समुद्र चढला की पाणी बाहेर जाणार कुठून? ब्रिटिशकालीन वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या, आणि तोही ओहोटी गृहीत धरून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या दुपारी भरतीही होती. पुढचं सगळ्यांना माहीतच आहे.

त्यानंतर काहीच झालं नाही असं मात्र नाही हं! ब्रिमस्टोवॅड प्रकल्पातून वाहिन्यांची क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याचं काम सुरू झालं. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंद इथे पंपिंग स्टेशन्स उभी राहिली. भरतीला दरवाजे बंद करायचे आणि पाणी पंपाने समुद्रात फेकायचं. हिंदमाताचं पाणी साठवायला परळ-दादरच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या गेल्या. भरती उतरेपर्यंत पाणी तिथे थांबतं. २०२२ मध्ये महापालिकेचा क्लायमेट अॅक्शन प्लॅनही आला.

पण समुद्रही जागेवर थांबलेला नाही ना! १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि वाढीचा वेगही वाढतोय. पंप आज पुरले, तरी उद्या पुरतीलच असं नाही. म्हणून खारफुटी हवी. ती लाटांचा जोर मोडते, गाळ धरून ठेवते. २००५ पासून मुंबई हायकोर्टाने तिच्या तोडीवर बंदी घातलीय. तुमच्या खिडकीतून दिसणारं ते ‘घाणेरडं जंगल’ म्हणजे फुकटचा बंधारा आहे!

मला भरतीचं खरं ट्रेनिंग मिळालं वरळी कोळीवाड्यात. तिथल्या एका काकांनी सांगितलेला हिशेब एकदम सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे भरती साधारण तीनला. अष्टमी असेल तर सहाला. सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. हिशेब ढोबळ आहे, मिनिटांत बसत नाही. पण बॉसला ‘आज लवकर निघते’ हे सकाळीच सांगायला पुरेसा आहे.

अर्थात, लवकर निघण्याची सोय सगळ्यांना नसते. आपण लॅपटॉप घेऊन वर्क फ्रॉम होम करतो. आपल्या बिल्डिंगचा वॉचमन, स्वयंपाकाच्या मावशी, तळमजल्यावरचा इस्त्रीवाला यांचं काय? पाणी आधी त्यांच्याच दारात येतं. तयारी म्हणजे फक्त पंप आणि भिंती नव्हेत. उधाणाच्या दिवशी मावशींना सुट्टी, तीही पगारी, हाही तयारीचाच भाग आहे.

तेव्हा पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये पार्किंगच्या भांडणातून दहा मिनिटं काढा आणि चार गोष्टी ठरवा. उधाणाच्या तारखा नोटीस बोर्डवर लावायच्या. तळघरातला मीटर बॉक्स वर घ्यायचा. तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना कोणाच्या घरी न्यायचं, हे नावासकट लिहून ठेवायचं. आणि महापालिकेचा १९१६ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करायचा. यातल्या तीन गोष्टी फुकट आहेत. मीटर बॉक्सला मात्र खर्च येईल, आणि वरच्या मजल्यावरचे लोक ‘आम्ही का द्यायचा?’ विचारतील. त्यांना सांगा, वीज गेली की लिफ्ट सगळ्यांचीच बंद पडते!