सेलचं गणित: रेनकोट जूनमध्ये घ्यायचा की सप्टेंबरमध्ये?

कोयनानगरच्या माणसाला पावसाचं कौतुक सांगायला जाऊ नये. पावसाळ्यात रोजच्या पेपरात कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर यांचे पावसाचे आकडे शेजारी शेजारी छापून येतात आणि आमच्याकडे लोक ते क्रिकेटच्या स्कोअरसारखे वाचतात. अशा गावात रेनकोट ही हौसेची वस्तू नसते. पाटण किंवा कराडला गाठ पडली की घ्यावाच लागतो. प्रश्न एवढाच, की कधी घ्यायचा? मेअखेरीस दुकानात सगळे साईज असतात, पण भाव चढा असतो. सप्टेंबरमध्ये घासाघीस जमते, पण हवा तो साईज मिळेलच असं नाही आणि पावसाळा तर संपत आलेला.

हा प्रश्न घरगुती वाटतो, पण यावर अर्थशास्त्रात चांगलं संशोधन झालं आहे. रिसर्चची तयारी करणाऱ्यांनी ते दोन कारणांसाठी वाचावं. एक म्हणजे फेलोशिप मिळेपर्यंत, आणि मिळाल्यावरही, आपला खिसा तसा हलकाच असतो. दुसरं म्हणजे साध्या प्रश्नातून मॉडेल कसं उभं राहतं, हे इथे फार स्वच्छ दिसतं. मी अर्थशास्त्राची नाही, विज्ञान शाखेची आहे. म्हणून गणित बारावीच्या पलीकडे नेत नाही.

दुकानदार भाव उतरवतो कशासाठी?

आपल्याला वाटतं की माल राहिला म्हणून बिचारा दुकानदार तोट्यात विकतो. एडवर्ड लेझिअर या अर्थशास्त्रज्ञाने १९८६ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये लिहिलेल्या निबंधात वेगळं चित्र मांडलं. त्याच्या मते सेल हा दुकानदाराचा शोध घेण्याचा मार्ग आहे. गिऱ्हाईक किती पैसे मोजेल हे त्याला माहीत नसतं. तो आधी चढा भाव लावून बघतो. माल गेला नाही, तर त्याला एक माहिती मिळते: एवढा भाव लोकांना परवडत नाही. मग तो खाली येतो.

आकड्यात बघू. समजा दुकानात एकच रेनकोट आहे. गिऱ्हाईक त्याला ० ते १२०० रुपयांमधली कुठलीही किंमत देईल आणि प्रत्येक किमतीची शक्यता सारखीच आहे. रेनकोट विकत आणायचा खर्च आधीच होऊन गेला आहे.

दुकानदाराला एकच भाव लावायची मुभा असेल, तर सगळ्यात फायद्याचा भाव निघतो ६०० रुपये. विकला जाण्याची शक्यता निम्मी, म्हणजे सरासरी कमाई ३०० रुपये.

आता दोन वेळा भाव लावायची मुभा द्या. उत्तर येतं आधी ८००, नंतर ४००. पहिल्या भावाला विकला जाण्याची शक्यता एक तृतीयांश, आणि पहिल्यांदा न विकला जाऊन दुसऱ्या भावाला विकला जाण्याची शक्यताही एक तृतीयांश. ८०० चा तिसरा हिस्सा सुमारे २६७ आणि ४०० चा तिसरा हिस्सा सुमारे १३३. बेरीज ४०० रुपये. म्हणजे सेल ठेवल्यामुळे दुकानदाराची सरासरी कमाई ३०० वरून ४०० वर गेली! कागद घेऊन स्वतः करून बघा, दोन ओळींचं काम आहे.

यातून आपल्या कामाची गोष्ट अशी निघते. पाटी लागते '५० टक्के सूट, ८०० चा रेनकोट ४०० ला'. पण सेल नसताच, तर भाव ८०० नव्हे, ६०० राहिला असता. म्हणजे खरी बचत ४०० ची नसून २०० ची आहे. आणि जो जूनमध्ये ८०० देऊन गेला, त्याने २०० जास्त दिले. सेलचा खर्च काही प्रमाणात हंगामात घेणाऱ्याच्या खिशातून निघतो.

मॉडेल वाचताना गृहीतकं तपासायची सवय लावा. इथे गिऱ्हाईक मुद्दाम थांबत नाही असं धरलं आहे. सगळेच सेलची वाट बघत बसले, तर ८०० चा भाव टिकणार नाही आणि गणित बदलेल.

कशावर मोठी सूट, कशावर छोटी?

पीटर पशिजियन यांनी १९८८ मध्ये हाच धागा पुढे नेला. त्यांचा मुद्दा असा, की ज्या मालात फॅशन जास्त, त्यात अनिश्चितता जास्त. अनिश्चितता जास्त, म्हणून सुरुवातीचा भाव चढा आणि नंतरची उतरणही मोठी.

हे आपल्या दुकानात लावून बघा. साधी काळी पॅन्ट, पांढरा शर्ट, शाळेचा गणवेश यांची मागणी दुकानदाराला पाठ असते. शिवाय यंदा राहिलेला माल पुढच्या वर्षीही जातो. तो कशाला भाव पाडेल? उलट यंदाच चाललेल्या डिझाईनचा कुर्ता पुढच्या वर्षी कुणी बघणार नाही, म्हणून तो निम्म्या किमतीत निघतो.

रेनकोटचंही तसंच व्हायला हवं. साधा काळा-निळा रेनकोट दुकानदार माळ्यावर टाकून पुढच्या मे महिन्यात काढू शकतो. त्यामुळे सप्टेंबरमध्ये त्यावर मोठी सूट मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. कार्टूनचं चित्र असलेल्या लहान मुलांच्या रेनकोटवर जास्त मिळेल. पण मूल वर्षात वाढतं, तेव्हा तो पुढच्या वर्षासाठी घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. सूट मोठी दिसते तिथे आपला उपयोग बऱ्याचदा कमी झालेला असतो, तो असा.

थांबण्याचीही किंमत असते

समजा मुलाखतीसाठी एक शर्ट हवा आहे. तो तुमच्या लेखी १४०० रुपयांचा आहे, दुकानात १००० ला आहे. आज घेतला तर तुमचा फायदा ४००. महिन्याने सेलमध्ये ६०० ला मिळाला, तर फायदा ८००. पण तुमचा साईज तेव्हा शिल्लक असेल का?

शिल्लक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल, तरच थांबण्यात अर्थ आहे, कारण ८०० चे निम्मे ४००. आणि मुलाखत सेलच्या आधी असेल, तर शर्टाचा त्या कामापुरता उपयोगच संपला. मग शक्यता कितीही असो, आजच घ्या.

थोडक्यात, खूप लोकांचा असतो तो मधला साईज आणि चालणारा रंग असेल, तर थांबणं धोक्याचं. साईज अगदी लहान किंवा फार मोठा असेल, तर सेलमध्ये नशीब उघडण्याची शक्यता जास्त. पण दुकानदाराने मुळातच ते नग कमी मागवलेले असतात, हेही लक्षात घ्या.

कोयनेकाठी आणखी एक खर्च आहे, तो म्हणजे ओल. पुढच्या वर्षासाठी घेतलेला रेनकोट नीट वाळवून ठेवला नाही, तर आतलं कोटिंग चिकटतं, बुरशी धरते, चेन गंजते. सप्टेंबरमध्ये २०० वाचवून जूनमध्ये नवा घ्यायची वेळ आली, तर ती बचत कसली?

थंडी वाजली की स्वेटर

आता माझ्या आवडीचा निबंध. मायकेल कॉन्लिन, टेड ओ'डोनोह्यू आणि टिमथी व्होगेलसँग यांनी २००७ मध्ये कॅटलॉग बघून कपडे मागवणाऱ्या ग्राहकांच्या नोंदी तपासल्या. थंडीचे कपडे कोणत्या दिवशी मागवले आणि त्यातले किती परत आले, हे त्यांनी त्या दिवसाच्या तापमानाशी जोडून पाहिलं. मागणी नोंदवण्याच्या दिवशी तापमान ३० अंश फॅरनहाइटने, म्हणजे साधारण १७ अंश सेल्सियसने कमी असेल, तर माल परत येण्याची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आज कुडकुडतोय म्हणून माणूस पुढचे चार महिने असंच कुडकुडणार असं धरून चालतो. मग जाड जर्किन येतं आणि चार दिवसांनी नकोसं होतं.

इथे दोन गोष्टी शिका. पहिली, परिणाम छोटा आहे. 'लोक थंडीत वेडे होतात' असा मथळा त्यातून निघत नाही. आणि '४ टक्क्यांनी वाढली' म्हणजे मूळ शक्यतेच्या ४ टक्के. १० टक्क्यांवरून १४ नव्हे, १०.४. रिसर्च वाचताना सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. दुसरी गोष्ट व्यवहाराची: धो धो पाऊस चालू असताना रेनकोटच्या दुकानात आणि हुडहुडी भरलेली असताना स्वेटरच्या दुकानात मोठी खरेदी करू नका. यादी कोरड्या दिवशी करा.

पाटीवरचे आकडे

ॲमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल काहनमन यांनी १९७४ मध्ये दाखवलं, की आधी दिसलेला आकडा आपल्या अंदाजाला खुंटीसारखा धरून ठेवतो. रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये त्यात भर घातली: वस्तूच्या उपयोगाचं समाधान वेगळं आणि 'सौदा चांगला झाला' याचं समाधान वेगळं. सेलमध्ये आपण बऱ्याचदा दुसरं विकत घेतो. म्हणून चार हिशेब पक्के ठेवा.

'५० टक्के अधिक २० टक्के' म्हणजे ७० नव्हे. १००० चे ५००, त्यावर २० टक्के सूट, म्हणजे ४००. एकूण सूट ६० टक्के.

'दोनवर एक फ्री' म्हणजे ३३ टक्के, तेही तिसऱ्याची गरज असेल तर. गरज नसेल तर शून्य.

एमआरपी ही सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत आहे. ती कमाल मर्यादा आहे, मालाचं मोल नव्हे. 'एमआरपीवर ४० टक्के' वाचताना बाजूच्या दुकानात तोच माल कितीला आहे, हे विचारा.

चौथा जीएसटीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याच्या नगावर ५ टक्के आणि त्यावरच्या नगावर १८ टक्के कर आहे. करापूर्वीची किंमत २५०० असेल, तर बिल २६२५. ती २६०० असेल, तर ३०६८. किमतीत १०० चा फरक, बिलात ४४३ चा! या उंबरठ्याच्या आसपासचा जॅकेट किंवा ब्लेझर घेताना थोडी सूट पडली, तरी कर एकदम उतरू शकतो.

आपलं कॅलेंडर

मोठ्या ब्रँडांचे सेल साधारण जून-जुलै ते ऑगस्ट आणि डिसेंबर-जानेवारी असे वर्षातून दोनदा येतात. हंगाम बदलतो म्हणून ते येतात, त्यामुळे त्यांचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे याला पंचांगही जोडून घ्या. आषाढीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे साड्या आणि बस्त्याच्या दुकानांत गर्दी ओसरते. पितृपक्षात बरेच लोक नवं कापड घेत नाहीत. त्या दिवसांत सूट नाही मिळाली, तरी दुकानदाराला वेळ असतो आणि दिवाळीचा माल यायला लागलेला असतो. गांधी जयंतीच्या सुमारास खादीवर रिबेट मिळते. आणि कापड घेऊन शिवायचं असेल, तर शिंप्याकडे दिवाळीच्या महिनाभर आधी टाका, नाहीतर कपडे पाडव्यानंतर हातात.

काही सेल मात्र कुठल्याच कॅलेंडरमध्ये बसत नाहीत. हॅल व्हॅरियन यांनी १९८० मध्ये त्याचं कारण मांडलं: काही ग्राहक भावाची चौकशी करतात, काही करत नाहीत. दुकानाला दोघेही हवेत, म्हणून ते भाव अधूनमधून अनियमितपणे पाडतं. तो अंदाज बांधता आला असता, तर त्याचा उपयोगच राहिला नसता. अशा सेलची वाट बघू नका. गरजेची यादी मात्र तयार ठेवा.

यातून रिसर्चचा प्रश्न कसा काढाल?

समजा तुम्ही ठरवलं, की कराडच्या काही दुकानांत मे ते ऑक्टोबर दर आठवड्याला रेनकोटचे भाव नोंदवायचे. पावसाचे आकडे रोज मिळतात. प्रश्न असा: पाऊस लांबला, तर सूट लवकर सुरू होते का?

तीन अडचणी आधीच लिहून ठेवा. पहिली, सप्टेंबरमध्ये जे रेनकोट दिसतील ते न खपलेले. चांगले आधीच गेलेले. दोन महिन्यांची सरासरी किंमत लावली, तर तुम्ही वेगवेगळ्या वस्तूंची तुलना कराल. तोच नग शेवटपर्यंत धरून ठेवा. दुसरी, पाटीवरचा भाव आणि प्रत्यक्ष दिलेला भाव वेगळा असतो. घासाघीस नोंदवायची कशी, हे ठरवा. तिसरी, एका वर्षात पावसाळा एकदाच येतो. त्यामुळे पाऊस लांबण्याचा परिणाम सांगायला एक वर्ष पुरत नाही, मग दुकानं कितीही घ्या.

हे असं काम उलट बाजूनेही होतं. फेलिपे कारो आणि जेरेमी गॅलियन यांनी झारा कंपनीसाठी सेलचे भाव ठरवण्याचं गणिती मॉडेल बनवलं, प्रत्यक्ष दुकानांत प्रयोग करून तपासलं आणि २०१२ मध्ये छापलं. सेलमधली कमाई सुमारे ६ टक्क्यांनी वाढली. म्हणजे समोरच्या बाजूला कधी कधी पीएचडीवाले बसलेले असतात. आपण निदान कागद-पेन घेऊन बसायला काय हरकत आहे?

जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे. पण ती मिळेपर्यंतची वर्षं बहुतेकांची घरच्या पैशावर जातात. वर्षात कपड्यांवर दोन-तीन हजार वाचले, तर त्यात परीक्षेचे फॉर्म आणि मुलाखतीचा प्रवास निघतो. तेव्हा नियम एका ओळीत: ज्याची तारीख ठरलेली आहे ते आज घ्या, जे दरवर्षी सारखंच लागतं ते हंगाम उतरताना घ्या, आणि जे सेल बघून आठवलं ते घेऊच नका.