पाण्याच्या भारावर चढणारी गाडी

इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हन काउंटीच्या उत्तर किनाऱ्यावर, लिनमथ आणि लिंटन ही जोडगावे आहेत. लिनमथ समुद्राकाठी, तर लिंटन बरोबर त्याच्या डोक्यावर, कड्यावर. दोन्ही मिळून वस्ती लहानशीच, पण मधला चढ भल्याभल्यांचा दम काढणारा. कोळसा, चुनखडी, किराणा असे सगळे पूर्वी बोटीने लिनमथच्या धक्क्याला लागायचे आणि घोड्यांच्या पाठीवर लादून किंवा गाड्यांत भरून वर न्यावे लागायचे. समुद्राची हवा खायला येणाऱ्या पाहुण्यांचीही वर जाताना दमछाक व्हायची. त्यावर निघालेला तोडगा आज १३० वर्षांहून अधिक काळ चालू आहे. या कड्यावरच्या रेल्वेला इंजिन नाही आणि तिच्या चाकांना वीजही लागत नाही. ती चालते निव्वळ पाण्याच्या वजनावर.

या कामाला पैसा पुरवला जॉर्ज न्यून्स या प्रकाशकाने. शेरलॉक होम्सच्या कथा ज्या ‘स्ट्रँड’ मासिकातून घरोघरी पोहोचल्या, ते मासिक याच न्यून्सचे. आराखडा जॉर्ज क्रॉयडन मार्क्स या अभियंत्याचा, तर बांधकामात पुढाकार बॉब जोन्स या स्थानिक कंत्राटदाराचा. ७ एप्रिल १८९० रोजी, ईस्टरच्या सोमवारी, गाडी सुरू झाली.

सप्तशृंगी गडावरची फनिक्युलर ट्रॉली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मांडणी लगेच कळेल. शेजारी शेजारी दोन रूळमार्ग, दोन डबे आणि दोघांना बांधणारा पोलादी दोर. तो दोर वरच्या टोकाला मोठ्या चाकावरून फिरतो, त्यामुळे एक डबा उतरला की दुसरा आपोआप चढतो. लिनमथची करामत आहे ती डब्याच्या पोटात. प्रत्येक डब्याखाली ७०० गॅलनची, म्हणजे सुमारे ३,२०० लिटरची टाकी आहे. वरच्या डब्याची टाकी भरलेली असते. प्रवासी बसले, दोन्हीकडून इशारा झाला की खालच्या डब्याचा चालक आपल्या टाकीतले पाणी सोडू लागतो. डबा हलका होत जातो आणि एका क्षणी वरच्याचे पारडे जड होते. मग ब्रेक सैल करायचे, एवढेच. गाडी हलवायला माणसाला जोर लावावा लागत नाही. कसब सगळे तिला आवरण्यात आहे. ब्रेकसुद्धा पाण्याच्याच दाबावर रूळ पकडून धरतात. मार्ग २६३ मीटर लांब आणि चढ १५२ मीटरचा, म्हणजे दर पावणेदोन मीटरला जवळजवळ एक मीटर उंची. डब्याचा सांगाडा त्रिकोणी असल्याने वरचा तळ मात्र सपाट राहतो. मोटारी आल्या, तेव्हा डब्याची प्रवासी खोली काढून त्या तळावर मोटारही चढवली जायची.

हे पाणी येते मैलभर लांबून, वेस्ट लिन नदीतून नळाने. ते घेण्याचा कायमचा हक्क रेल्वेला १८८८ च्या संसदीय कायद्याने मिळाला. नदीला पाणी पुरवणारे एक्समूरचे पठार गावाच्या पाठीशीच उभे आहे. समुद्रावरून आलेले ढग त्याला अडून रिते होतात. पठारावर जांभळ्या फुलांची झुडपे आणि दलदल, तर दऱ्यांत ओकची दाट, शेवाळलेली झाडी. वॉटर्समीट इथे ईस्ट लिन आणि होर ओक वॉटर यांचा खळाळता संगम होतो. लिंटनच्या पश्चिमेला ‘व्हॅली ऑफ रॉक्स’ आहे. ही दरी समुद्राला समांतर पसरलेली आणि आता कोरडी. तिच्यातल्या सुळक्यांवर रानशेळ्या बिनदिक्कत चरत असतात.

पण जे पठार पाणी देते, त्यानेच एकदा गाव धुऊन नेले. ऑगस्ट १९५२ च्या १५ तारखेला आधीच भिजून चिंब झालेल्या एक्समूरवर एका दिवसात सुमारे २३० मिलिमीटर पाऊस कोसळला. दुकाने आणि हॉटेलांसाठी जागा काढायची म्हणून लिनमथमध्ये वेस्ट लिनचा प्रवाह बंदिस्त नाल्यात कोंबलेला होता. तो दगडधोंड्यांनी आणि झाडांच्या ओंडक्यांनी तुंबला आणि नदी थेट वस्तीतून वाहू लागली. त्या रात्रीच्या पुरात ३४ माणसे गेली. नंतर गाव पुन्हा बांधताना नदीला प्रशस्त पात्र दिले गेले.

लिनमथला येणारे पर्यटक कडे, झाडी आणि ही गमतीदार गाडी पाहून खूश होतात, आणि ते योग्यच आहे. पण या गावाने एकाच नदीशी दोन व्यवहार केले. रेल्वेने नळभर पाणी उसने घेतले आणि खाली समुद्राच्या वाटेला लावले. तो व्यवहार तीन शतकांत पाय ठेवून आहे. नाला बांधणाऱ्यांनी मात्र नदीची जागाच घेतली आणि ती परत घ्यायला नदीला एक रात्र पुरली.