मध, मूळपेशी आणि भाजलेली कातडी

माझे गाव बुऱ्हाणपूर. तिथे चुलीचा चटका बसला की आजी फडताळातून मधाची बाटली काढीत असे. सुश्रुतानेही व्रणावर मध आणि तूप सांगितले आहे, तेव्हा उपाय नवा नव्हे. पण मध नेमके करतो काय?

याचे उत्तर शोधताना मला बुऱ्हाणपूरसारख्याच मागांच्या एका गावातले संशोधन सापडले. सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १०४ भाजलेल्या रुग्णांवरील प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध केला. निम्म्यांना मध लावला, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिनचे नेहमीचे मलम. सात दिवसांत मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटातील अवघ्या ७ टक्के! फरक इतका मोठा की शंकाच यावी. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्याने या मलमाशी केलेल्या तुलनेचा पुरावा कच्चा ठरवला. मात्र नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा मधाने उथळ भाजलेले चार-पाच दिवस आधी बरे होते, हे मान्य केले.

मधात पाणी जेमतेम पाचवा हिस्सा, बाकी बहुतेक साखरच. त्यामुळे तो जंतूंतले पाणी ओढून घेतो. तो आम्लधर्मीही असतो. शिवाय मधमाशीने त्यात मिसळलेल्या एका विकरामुळे जखमेच्या ओलाव्यात हायड्रोजन पेरॉक्साइड थोडे थोडे तयार होत राहते.

नवी कातडी मात्र घडवतात त्या तिच्याच मूळपेशी. त्या बाह्यत्वचेच्या तळच्या थरात आणि केसांच्या मुळांशी असतात. उथळ भाजले तर केसांच्या मुळांशी असलेल्या पेशी वाचतात आणि तिथून नवी त्वचा बेटाबेटांनी पसरत जाते. त्या कामात जंतूंचा अडथळा येऊ नये, ही राखण मधाची. खोल भाजले तर मूळपेशीच जळून जातात. तिथे कितीही मध ओता, त्वचारोपणावाचून गत्यंतर नाही.

राणीमाशीच्या खाद्याची, म्हणजे रॉयल जेलीची, गोष्ट वेगळी. तिच्यातील रॉयलॅक्टिन या प्रथिनाने उंदराच्या भ्रूणातील मूळपेशी त्यांच्या मूळ अवस्थेत टिकून राहतात, असे २०१८ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले. ते सारे काचेच्या बशीत! त्याच्या जोरावर विकल्या जाणाऱ्या क्रीमच्या डबीवर मी तरी पैसे घालवणार नाही.

घरी भाजले तर आधी वीस मिनिटे वाहते थंड पाणी, मग डॉक्टर. बाजारातल्या कच्च्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात. जखमेसाठी बनवलेला मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो.